पिकाची पैसेवारी होते, माणसाची का नाही?

आपल्याकडं खरिपाचं पीक घरात यायच्या आधीच त्याची पैसेवारी लागते, म्हणजे नेहमीच्या मानानं यंदा पीक रुपयात किती पैसे आलं ते ठरतं. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग डिसेंबरात अंतिम, आणि ती पन्नास पैशांच्या खाली आली की जमीन महसुलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ, कर्जवसुलीला स्थगिती, असं काय काय मिळायला लागतं. पन्नासच्या वर एक पैसा जरी गेली तरी कागदावर गाव ठणठणीत. या पद्धतीत खोट भरपूर आहे, कुठला प्लॉट धरला, कापणी प्रयोग कुणाच्या शेतात केला यावरून दर दोन-चार वर्षांनी गावोगाव भांडणं होतात, पण तरीही एक गोष्ट मान्य करायलाच लागते की पीक किती बुडालं हे गावपातळीवर मोजायची सवय सरकारला इंग्रजांच्या काळापासून आहे. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, दोन-चार शेतकरी बसतात, आकडा ठरतो, आणि त्या आकड्यावर पैसा हलतो.

आता त्याच गावात ते पीक निंदणारी बाई, तिचं पत्र्याचं घर, तिची रात्रीची झोप, तिचे पाण्यात गेलेले तास, शाळा सोडून आईबापासोबत गुजरातला गेलेला पोरगा, यांचं किती बुडालं हे मोजायची सवय मात्र कुणालाच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. हवामान बदलानं खान्देशातल्या लोकांच्या जगण्याचं काय केलंय हे खरंच कळून घ्यायचं असेल तर माणसाची पैसेवारी सुरू करायला पाहिजे, ती गावानंच करायला पाहिजे, दरवर्षी त्याच वेळेला करायला पाहिजे आणि पिकाच्या पैसेवारीसारखं तिलाही सरकारदरबारी वजन पाहिजे.

सध्या आपल्याकडं हवामान बदल म्हटलं की बोलणं तापमानावर सुरू होतं आणि तिथंच संपतं. एप्रिल निम्मा झाला की पेपरात पहिल्या पानावर आकडा, जळगाव एवढं, भुसावळ एवढं, मोबाइलवर तिसरंच काहीतरी, पारावर 'काय ऊन तपी ऱ्हायनं भो' म्हणत त्याचीच चर्चा, आणि पंचेचाळीसच्या वर गेलं की शेजारच्या जिल्ह्यापेक्षा आपण पुढं का मागं ते पण बघितलं जातं. पण हा आकडा येतो कुठून? हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या लाकडी झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चारेक फूट उंच, सावलीत आणि मोकळ्या हवेत ठेवलेला असतो. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, कारण पुण्याचा आकडा जळगावच्या आकड्याशी ताडून बघायचा तर दोन्हीकडं सारखीच मांडणी लागते. फक्त त्या पेटीत कुणी राहत नाही. माणूस राहतो पत्र्याखाली, काम करतो कापसाच्या उघड्या रानात नाहीतर एमआयडीसीतल्या शेडमध्ये, आणि तिथलं ऊन, तिथली दमट हवा, तिथं बंद पडलेला वारा हे त्या आकड्यात येत नाही.

दुसरं असं की उष्णतेची लाट कधी म्हणायची याचाही नियम आहे. मैदानी भागात तापमान ४० किंवा जास्त पाहिजे आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त पाहिजे, नाहीतर मग थेट ४५ गाठलं पाहिजे. आता खान्देशात मे महिन्याची सरासरीच बेचाळीसच्या आसपास. म्हणजे ४४ अंशाचे सलग दहा दिवस गेले तरी नियमाप्रमाणं ती लाट होत नाही, तो आपला साधा मे महिना. जिथं लोकांना सगळ्यात जास्त दिवस भाजून निघावं लागतं तिथंच इशारा यायला सगळ्यात उशीर होतो. मी हवामान खात्याला दोष देत नाहीये, त्यांचं काम हवा मोजायचं आहे आणि ते ती मोजतायत. माणूस मोजायचं काम कुणाकडंच दिलेलं नाही, अडचण तिथं आहे.

लोक म्हणतात मोजून काय होणार, सगळ्यांना दिसतंयच की. पण आपल्याकडं पैसा दिसण्यावर हलत नाही, रकान्यावर हलतो. केळीचंच बघा. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर सलग ठरलेले दिवस राहिलं, किंवा थंडीत खाली गेलं, किंवा वारा जोरात आला, की भरपाई बसते. त्यासाठी राज्यात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. केंद्राच्या जागेवरून आणि आकड्यावरून दरवर्षी तक्रारी असतात तो भाग वेगळा, पण केळीच्या खोडाला किती ऊन सोसवतं हे निदान कुणीतरी बसून ठरवलं ना. त्याच बागेत त्याच दुपारी डोक्यावर घड घेऊन बांधापर्यंत चालणाऱ्या मजुराला किती ऊन सोसवतं, आणि त्याच्या पुढं गेलं तर त्याला काय मिळणार, हे ठरलेलं नाही. माझ्या मनाला हे फार लागतं. केळी बागायतदाराला भरपाई मिळाली पाहिजे यात शंकाच नाही, गारपिटीत उभी बाग झोपलेली बघितली असेल तर कुणीही हेच म्हणेल, पण बागेसाठी असलेली मोजपट्टी बागेतल्या माणसाला नाही हे कसं चालेल?

आणि असं करता येत नाही असंही नाही. शेजारच्या गुजरातमध्येच 'सेवा' या असंघटित कामगार बायकांच्या संघटनेनं उन्हाचा विमा करून बघितला. पहिल्या वर्षी, २०२३ ला, ठरवलेली तापमानाची मर्यादाच गाठली गेली नाही म्हणून पैसे आले नाहीत, मग मांडणी बदलली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो बायकांच्या खात्यात पैसे जमा झाले. रक्कम थोडीच होती, चारशे रुपयांच्या आसपास. पण उन्हानं मजुरी बुडते हे कागदावर मान्य झालं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१९ च्या अहवालात भारताचा हिशोब मांडला होता, १९९५ साली उष्णतेमुळं देशातले ४.३ टक्के कामाचे तास वाया जात होते, २०३० पर्यंत ते ५.८ टक्क्यांवर जातील, म्हणजे साडेतीन कोटींच्या जवळपास पूर्णवेळ नोकऱ्यांएवढं काम. देशाचा आकडा आहे. त्यात खान्देशचा वाटा किती, धुळ्याच्या बांधकामावरच्या गवंड्याचा किती, डाळ मिलमधल्या हमालाचा किती, हे जोपर्यंत आपण काढत नाही तोपर्यंत तो आकडा भाषणात वापरायच्या कामाचा. २०२४ च्या मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात उन्हामुळं कलम १४४ लावलं गेलं, भर दुपारी मजुरांना कामाला लावू नका म्हणून. हेतू चांगलाच होता. पण दुपारचं काम बंद म्हणजे रोजंदारीवाल्याची अर्धी हजेरी गेली, ती कुणी द्यायची? बुडालेल्या हजेरीचा रकानाच नाही म्हटल्यावर हा प्रश्न कलेक्टर कचेरीच्या टेबलावर येणार तरी कसा.

बरं मग मोजायचं काय, तर माझ्या मते सगळ्यात आधी झोप. हे ऐकायला कुणाला विचित्र वाटेल पण उन्हाळ्यात खान्देशात राहून बघा. दिवसाचं ऊन माणूस कसंतरी काढतो, रुमाल बांधतो, कांदा खिशात ठेवतो, सावली धरतो. शरीर मोडतं ते रात्री थंडावा मिळाला नाही म्हणजे. आपली जुनी घरं धाब्याची, हात-दीड हात जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्या आणि त्यावर खाऱ्या मातीचा थर. ऊन आत झिरपायला दिवस मावळतो, तोवर माणसं ओट्यावर नाहीतर धाब्यावर खाटा टाकून आडवी झालेली. ती घरं आता जातायत आणि त्याला कारणं आहेत, लाकूड परवडत नाही, दरवर्षी वर माती टाकायला माणूस मिळत नाही, आणि पाऊस आता पूर्वीसारखा रिमझिम लागून राहत नाही, एकदम चार-पाच तासांत कोसळतो, त्यात धाबं गळतं आणि भिंत बसते. म्हणजे बदललेला पाऊस धाब्याला राहू देत नाही आणि बदललेलं ऊन पत्र्याखाली राहू देत नाही, मधल्यामधी माणूस. स्लॅबवाल्याचंही तेच, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोन वाजेपर्यंत खाली आग टाकत राहतो, कुलर असला तर त्याला पाणी पाहिजे आणि लाइट पाहिजे, आणि पाणी ज्या शहरात आठ-दहा दिवसांनी येतं तिथं कुलरमध्ये ओतायचं की पिपात ठेवायचं हा घरातल्या बाईसमोरचा प्रश्न.

आणि सरकारी मोजमापात हेच घर कसं दिसतं बघा. गरिबी मोजायचा जो बहुआयामी निर्देशांक नीती आयोग काढतं त्यात घर हा एक मुद्दा आहे, छप्पर-भिंत कच्च्या सामानाची असली की त्या मुद्द्यावर ते कुटुंब वंचित. मातीचं छप्पर कच्चं, लोखंडी पत्रा पक्का. म्हणजे धाबं पाडून पत्रे टाकले की त्या कुटुंबाचं जगणं कागदावर सुधारलं, आणि मे महिन्यात त्या घरातलं तान्हं लेकरू रात्रभर रडतं ते कुठंच उमटत नाही. निर्देशांक खोटा नाहीये, तो दुसऱ्या प्रश्नासाठी बनवलाय. पण हवामान बदलाच्या प्रश्नाला तोच निर्देशांक लावला तर आपण उलटी दिशा सुधारणा म्हणून वाचू, आणि योजना पण तशाच आखू. म्हणून मी म्हणतो गावातल्या वेगवेगळ्या दहा-पंधरा घरांत, धाब्याच्या, पत्र्याच्या, स्लॅबच्या, साधा कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर टांगा आणि मे महिन्यात पहाटे तीनचा आकडा लिहा. त्याच्याशेजारी लिहा की त्या घरात रात्री किती वेळ डोळा लागला. खर्च किरकोळ आहे आणि यातून घरकुलाच्या डिझाइनवर जे कळेल ते एखाद्या जाडजूड अहवालातूनही कळणार नाही.

झोपेनंतर स्थलांतर. इथं तर मोजमापाची मोठीच गडबड आहे. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा या भागातून दिवाळीच्या आगेमागे माणसं गुजरातकडं निघतात, ऊसतोडीला, बांधकामाला, शेतमजुरीला. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. डोंगरउतारावरची शेती पूर्ण पावसाच्या भरवशावर, ऑगस्टमध्ये पावसानं वीस दिवस दडी मारली की पुढचं सगळं ठरून जातं. आता ही माणसं गेल्यावर गावात जे मोजमाप होतं ते कुणाचं होतं? राहिलेल्यांचं. अंगणवाडीत पोरांची वजनं घेतात, तिथं हजर असलेल्या पोरांची. शाळेच्या पटावर नाव असतंच. ज्यांच्यावर दुष्काळाचा सगळ्यात जास्त मार बसला तेच मोजणीच्या दिवशी गावात नसतात, आणि त्यांच्याशिवाय काढलेली सरासरी बरी दिसते. म्हणून गावाच्या पैसेवारीत पहिला प्रश्न हाच पाहिजे की यंदा किती घरांना कुलूप लागलं, कोणत्या महिन्यात लागलं, उचल किती होती, लेकरं सोबत गेली का आजीजवळ राहिली. आणि ती मागच्या वर्षीपेक्षा लवकर निघाली का. हा महिना पुढं-मागं सरकणं ही माझ्या मते फार मोलाची खूण आहे, कारण माणूस घर सोडतो तेव्हा त्यानं बाकीचे सगळे उपाय करून बघितलेले असतात.

पाणी, त्यावर फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. फक्त एवढंच, भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून काही ठरलेल्या महिन्यांत मोजतात आणि ते चांगलं काम आहे, पण विहीर किती मीटर खाली गेली याच्या जोडीला एका हंड्याला किती वेळ लागला हेही लिहा आणि तो वेळ कुणाचा गेला तेही. दहावीतल्या मुलीचा गेला असेल तर तो वेगळा लिहा.

मृत्यूचं मात्र जरा नीट बोलायला लागेल. उष्माघाताचा बळी म्हणून नोंद व्हायला बरेच सोपस्कार लागतात, म्हणून म्हातारं माणूस मे महिन्यात दुपारी गेलं की कागदावर हृदयविकार नाहीतर वार्धक्य. प्रत्येक मृत्यूमागं ऊन होतं का हे शोधत बसायची गरजही नाही. अहमदाबादला मे २०१० मध्ये मोठी लाट आली तेव्हा अभ्यासकांनी साधं काम केलं, त्या महिन्यातले सगळ्या कारणांचे मिळून मृत्यू मोजले आणि आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी ताडून बघितले. १३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्या लाटेनं शहर हललं आणि २०१३ मध्ये तिथं देशातला पहिला उष्णता कृती आराखडा आला. आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूचं रजिस्टर आहेच, मागच्या वीस वर्षांचं तरी असणारच. एकट्या गावाचे आकडे लहान असतात, चार मृत्यूंचे सहा झाले म्हणून काही सिद्ध होत नाही, पण तालुक्याची रजिस्टरं एकत्र केली तर चित्र दिसेल. रावेर, मुक्ताईनगर, शिरपूर, शहादा, एवढ्या चार तालुक्यांचं जरी कुणी केलं तरी खूप झालं.

आता यावर जे आक्षेप येतात त्यातला सगळ्यात वजनदार हा, की हे सगळं हवामान बदलानंच झालं कशावरून? आक्षेप रास्त आहे. यावल-रावेरचं भूजल खोल गेलं त्यात पावसाचा जेवढा हात त्यापेक्षा आपल्या उपशाचा हात मोठा असू शकतो, केळीला पाणी लागतं आणि आपण ते काढलंय. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावला तितूर-डोंगरीला पूर आला, एका रात्रीत बाजारपेठ पाण्यात, गुरं वाहून गेली, तिथं पाऊस भयंकर होताच पण नदीच्या पात्रात कोण शिरलं होतं हाही प्रश्न होताच. मला वाटतं गावानं कारण ठरवायच्या भानगडीत पडूच नये. गावानं काय झालं ते लिहावं. कारण वेगळं काढायला लांब काळाची, खंड न पडलेली नोंद लागते, पाऊस-तापमानाची आहे, जगण्याची नाही. आज सुरुवात केली तर दहा-पंधरा वर्षांनी कुणीतरी अभ्यासक ते दोन्ही शेजारी ठेवून सांगू शकेल की एवढं हवेमुळं आणि एवढं आपल्या करणीमुळं. नोंदच नसेल तर तेव्हाही आपण पारावर बसून हाच वाद घालत असू.

दुसरा आक्षेप, पैसा जोडला की लोक फुगवून सांगतील. सांगतील काही. पैसेवारीतही तो ताण दोन्ही बाजूंनी असतो, शेतकऱ्याला ती कमी पाहिजे, वरच्याला जास्त. म्हणून मोजायच्या गोष्टी अशा निवडायच्या की ज्या दुसऱ्यालाही तपासता येतील, थर्मामीटरचा आकडा, हंड्याची रांग, शाळेची हजेरी, कुलूप लागलेलं घर. आणि आकडे ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचे. कुणाच्या घराला कुलूप होतं आणि कुणाच्या नव्हतं हे गावाला माहीत असतं, तिथं खोटं फार टिकत नाही.

मग लोकांना नुसतं विचारायचंच नाही का, की तुम्ही कसे आहात, समाधानी आहात का? जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजायची २६ प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे, त्यात झोप, पैसा, परिसर, नातीगोती सगळं येतं, आणि तिचा उपयोगही होतो. पण नुसत्या समाधानावर माझा भरवसा नाही. जन्मभर डोक्यावर पाणी वाहिलेल्या मावशीला विचारा, ती म्हणणार चाललंय बरं. माणूस सोसायला शिकला की त्याची अपेक्षाही आखडते, हे अमर्त्य सेन यांनी कितीतरी वेळा मांडलंय. म्हणून समाधान विचारा पण तास आधी मोजा.

आणि कृपा करून या सगळ्याचा मिळून एक आकडा काढू नका. एका आकड्याचा मोह मला समजतो, १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी सेन यांच्या मदतीनं मानव विकास निर्देशांक आणला तो उत्पन्नाच्या एकट्या आकड्याला टक्कर द्यायला, आणि त्यानं मोठं काम केलं. पण आपल्याकडं त्याचं काय झालं? २०१२ च्या राज्य मानव विकास अहवालात नंदुरबार शेवटचा. राज्याच्या हवामान कृती आराखड्यासाठी २०१४ मध्ये जो अभ्यास झाला त्यातही नंदुरबार सगळ्यात असुरक्षित. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नंदुरबार. प्रत्येक यादीत जिल्ह्याचं नाव येतं आणि जिल्हा म्हटलं की त्यात तापीकाठची बागायत पण आली आणि सातपुड्यातला एक रस्ताही नसलेला पाडा पण आला. जिल्ह्याची जिल्ह्याशी शर्यत लावून पाड्याला काही मिळत नाही. गावाची तुलना गावाच्याच मागच्या वर्षाशी करा आणि झोप, पाणी, हजेरी, कुलुपं हे वेगवेगळंच राहू द्या, म्हणजे रस्ता झाला म्हणून झोपेचे गुण भरून निघणार नाहीत. 'माझी वसुंधरा' अभियानातही ग्रामपंचायतींना गुण मिळतात, भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश, त्यात झाडं किती लावली, कचऱ्याचं काय केलं, सौर दिवे किती, असं बघतात. चांगली गोष्ट आहे, काही गावांनी खरंच काम केलं त्यातून. पण ते पंचायतीनं काय केलं त्याचं मोजमाप आहे, लोकांचे दिवस कसे गेले त्याचं नाही.

गावाला हे जमणार नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं पांझरा नदीकाठची सामूहिक सिंचनाची फड पद्धत बघावी. शेकडो वर्षं त्या गावांनी नदीत यंदा पाणी किती हे बघून ठरवलं की कोणते फड, म्हणजे शिवाराचे कोणते भाग, भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे, पाटकरी आणि जागल्या गावानं नेमलेले, आणि ज्याचा तुकडा कोरड्या फडात गेला त्यालाही ते मान्य कारण त्याची जमीन दुसऱ्या फडातही असायची. हे मोजमापच होतं, आणि त्यावर निर्णय होत होता. आजचं उदाहरण पाहिजे तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तिथलं जंगल राखलं, त्यासाठी त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री पण मिळाली, पण मला त्यांच्या कामातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वनभाजी स्पर्धा. २००४ पासून तिथल्या बाया पावसाळ्यात रानातून भाज्या आणून रांधून मांडतात. लोक त्याला खाद्यमहोत्सव समजून जातात. मला त्यात वीसेक वर्षांची नोंद दिसते, कोणती भाजी यंदा मिळाली, कोणती उशिरा आली, कोणती आणायला लांब जावं लागलं, कोणती नव्या पोरींना ओळखताच येत नाही. पाऊस, जंगल, पोटातलं अन्न आणि बायकांचं ज्ञान, चारही एका ताटात मोजता येतात. अशी खूण बाहेरून आलेल्या कुठल्याच तज्ज्ञाला सुचली नसती.

प्रत्येक भागाला आपली अशी खूण सापडेल. आपल्या सपाटीवर मी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, धरेन. आखाजी ऐन उन्हात येते, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्याच दिवसांत अंगणात बिबड्या, पापड, कुरडयांची वाळवणं. टँकरवर जगणाऱ्या गावात लेकीला बोलावताना आई दहादा विचार करते, आणि टँकरच्या गावात मुलगी द्यायला लोक नाही म्हणतात हे काही गुपित नाही. अवकाळीनं वाळवण भिजलं की बचत गटाच्या बायांचं वर्षाचं भांडवल जातं, त्याचा पंचनामा होत नाही कारण ते पीक नाही. आखाजीला किती लेकी आल्या, किती दिवस राहिल्या, वाळवण किती वेळा उचलावं लागलं, हे जर कुणी दरवर्षी लिहिलं तर त्या गावाचं 'समाज म्हणून' कसं चाललंय ते कळेल. जीवनमान म्हणजे एकेका माणसाची बेरीज एवढंच नसतं, एकमेकांकडं जाणं-येणं टिकलंय का हेही त्यात आलं.

वेळा पण आपल्या हवेप्रमाणं ठरवा, मार्च अखेरप्रमाणं नको. मे महिन्याचा दुसरा आठवडा, ऑगस्टातला पावसाचा खंड आणि दिवाळीनंतर माणसं बाहेर पडतात तो पंधरवडा, वर्षातून तीनदा पुरे. वाचन १५ ऑगस्टच्या आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत. पोकरा या सरकारी कृषी प्रकल्पातल्या गावांत पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आलीच आहे, त्याच फलकाशेजारी हा दुसरा फलक लावता येईल. आणि ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा करताना पहिला खर्च या नोंदीतल्या सगळ्यात वाईट रकान्यावर दाखवल्याशिवाय तो मंजूर करू नये, असा एक ओळीचा शासन निर्णय निघाला तर नुसत्या नोंदवहीला दात येतील.

करणार कोण, यावर मात्र माझं ठाम मत आहे. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांवर हे टाकायचं नाही. त्यांच्याकडं आधीच एवढी रजिस्टरं आहेत की बाळंतिणीजवळ बसायला वेळ उरत नाही, आणि मानधनासाठी त्यांना दर वर्षी रस्त्यावर बसायला लागतं. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेलं आहे, गावोगाव त्याच्या कॉलेजांची पोरं आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर तर दरवर्षी होतंच. त्यातल्या सात दिवसांतले दोन दिवस या नोंदीला द्या, मे महिन्याचं काम करणाऱ्या पोरापोरींना रोजगार हमीच्या दरानं पैसे द्या, आदिवासी पाड्यावर तिथलीच भिलोरी-पावरी बोलणारी पोरगी नेमा, आणि वह्या विद्यापीठात जमा झाल्या तरी एक प्रत गावात राहील असं बघा. भूगोल, संख्याशास्त्र आणि समाजकार्य या तीन विभागांनी मिळून पहिल्या वर्षी तीस गावं घ्यावीत, दहा सातपुड्यातली, दहा तापीकाठची, दहा पांझरा-गिरणेच्या कोरड्या पट्ट्यातली. थर्मामीटरसाठी लागणारा पैसा एखाद्या कार्यशाळेच्या चहा-नाश्त्यातून निघेल. येत्या मे महिन्याच्या आत हे सुरू होऊ शकतं.